तोफचीने बांधलेलं चर्च: फोर्ट सेंट जॉर्जमधलं सेंट मेरी आणि आपण



आजच्या भागात आपण चेन्नईच्या फोर्ट सेंट जॉर्ज किल्ल्यात जाणार आहोत आणि तिथलं सेंट मेरी चर्च पाहणार आहोत. काही मित्रांनी आधीच विचारलं, "गडकोट सोडून आता चर्च कशाला?" उत्तर सरळ आहे. सुरतेवरची दुसरी स्वारी, अर्काटचा वेढा, तंजावरची गादी आणि सोलापूरची लढाई या चारही प्रकरणांतली माणसं या एका इमारतीत भेटतात. कोणी ती बांधली, कोणाचं तिथे लग्न लागलं, कोणी तिथल्या फरशीखाली चिरविश्रांती घेतो आहे. मराठ्यांच्या इतिहासाची इतकी पानं महाराष्ट्राबाहेरच्या एकाच छताखाली मला तरी दुसरीकडे सापडली नाहीत. आणि ते छतही साधं नाही. माझी सगळी नोकरी तोफखान्यात गेली, त्यामुळे पहिली नजर तिकडेच जाते. सुरुवातही छतापासूनच करू.

किल्ला आज तामिळनाडू सरकारचं सचिवालय आहे. विधानसभाही तिथेच भरते. काही भाग लष्कराकडे आहे, तर एका जुन्या इमारतीत पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. फाटकावर ओळखपत्र दाखवावं लागतं. आत शिरून सचिवालयाची वर्दळ मागे टाकली की झाडांमागे एक पांढरी, बसकी इमारत आणि तिच्या एका टोकाला निमुळता मनोरा दिसतो. हेच सेंट मेरी. भारतातलं सर्वांत जुनं अँग्लिकन चर्च. पायाभरणी २५ मार्च १६७८ रोजी झाली. हा ख्रिस्ती पंचांगात मेरीमातेचा सण आहे आणि त्यावरूनच चर्चचं नाव पडलं. विधिवत उद्घाटन २८ ऑक्टोबर १६८० रोजी झालं. या दोन तारखांच्या मध्ये, एप्रिल १६८० मध्ये, रायगडावर शिवछत्रपतींचं निधन झालं होतं. काळ कोणता, हे त्यावरून ध्यानात येईल.

आता इमारतीत शिरा आणि वर पाहा. लांबट दालनाचे तीन गाळे आहेत. मधला रुंद, बाजूचे दोन अरुंद, आणि प्रत्येकावर अर्धगोल कमानीचं लांबच लांब छत. कार्ल्याचं चैत्यगृह ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. मधला उंच गाळा, दोन्ही बाजूंना खांबांपलीकडचे अरुंद गाळे, वर गजपृष्ठाकार छत. दोन परंपरांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण पुष्कळ माणसांनी एका दिशेला तोंड करून बसायचं असेल तर वास्तू असा आकार घेते, एवढं त्यातून कळतं. कार्ल्याच्या छताला मात्र आतून लाकडाच्या फासळ्या आहेत. सेंट मेरीच्या छतात लाकूड नाही. सगळं वीटकाम आणि चुना. छताची जाडी सुमारे दोन फूट, बाहेरच्या भिंतींची चार फूट.

प्रार्थना करायला दोन फूट जाडीचं छत कशाला हवं? इथे तोफखान्याचं थोडं गणित सांगतो. त्या काळी वेढ्यात दोन प्रकारचा मारा होत असे. लांब नळीच्या तोफेचा गोळा जवळपास आडवा येतो. त्याला तटबंदी अडवते. उखळी तोफेचा कुलपी गोळा मात्र उंच चढून तटावरून पलीकडे जातो आणि डोक्यावर पडतो. त्याच्यासमोर तट निरुपयोगी. मद्रासमधली घरं तेव्हा सपाट गच्चीची असत. लाकडी तुळया, त्यावर विटा आणि चुना. असा गोळा गच्चीवर पडला तर तुळई मोडते आणि मग आग लागते. अर्धगोल कमानीत प्रत्येक वीट शेजारच्या विटेला दाबून धरते. वीट आणि चुना ताण सोसत नाहीत, पण दाब उत्तम सोसतात. वरून आलेला धक्का कमानीवरून दोन्ही बाजूंना उतरतो. मधल्या छताचा बाहेरचा रेटा बाजूच्या दोन छतांवर जातो, त्यांचा रेटा चार फुटी भिंती पेलतात. जळण्यासारखं काही असेल तर ती दारं-खिडक्या.

आपल्याकडे हेच तत्त्व पन्हाळ्यावर अंबरखान्यात दिसतं. जाड भिंती, कमानी, वर चुन्यात बांधलेलं भक्कम छत. तिथे आत धान्य होतं, इथे आत माणसं. कारण हे चर्च बांधणारा वास्तुविशारद नव्हताच. त्याचं श्रेय सर्वसाधारणपणे विल्यम डिक्सन या किल्ल्याच्या मुख्य तोफचीला दिलं जातं. तोफचीने चर्च बांधलं तर ते असंच होणार! देवळाच्या आकाराचं बंकर म्हणा. मनोरा नंतर, अठराव्या शतकात जोडला गेला आणि आज दिसणारा निमुळता कळस १७९५ च्या सुमाराचा आहे. तो मूळ दालनाच्या रचनेचा भाग नाही. मनोरा पडला तरी छत टिकावं, हा हिशेब उघड दिसतो.

युरोपला ही कल्पना नवी नव्हती. फ्रान्सच्या दक्षिणेला अल्बी गावात १२८२ मध्ये सुरू झालेलं कॅथेड्रल आहे. धर्मयुद्धानंतर बांधलेलं, पूर्ण विटांचं. दुरून पाहिलं तर बुरुजांची रांगच वाटते. रुमानियातल्या ट्रान्सिल्व्हानियात तुर्कांच्या स्वाऱ्यांमुळे गावोगावच्या चर्चभोवती तट उभे राहिले आणि तटाच्या आतल्या बाजूला प्रत्येक कुटुंबाची कोठी असे. संकट आलं की सगळं गाव धान्यासकट आत. श्रद्धेची जागा हीच आसऱ्याची जागा. आपल्याकडेही गावावर धाड आली की माणसं गढीत किंवा देवळात जमत. त्यामुळे हे समजायला मराठी माणसाला फार कष्ट पडू नयेत.

आता पहिला धागा. हे चर्च उभं राहिलं ते मद्रासचा गव्हर्नर स्ट्रेन्शम मास्टर याच्या पुढाकाराने. कंपनीच्या तिजोरीतून नव्हे, तर तिथल्या इंग्रजांच्या वर्गणीतून. आठशेहून थोडे अधिक होन जमले आणि गव्हर्नरने स्वतः शंभर दिले. हा मास्टर आधी सुरतेला होता. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर दुसरी स्वारी केली, तेव्हा इंग्रजांची बहुतेक मंडळी सुवाळीच्या बंदरावर गेलेली होती. शहरातली वखार राखायला तीसेक खलाशी देऊन ज्याला पाठवलं, तो हा मास्टर. मराठ्यांची एक तुकडी वखारीवर आली, गोळीबार झाला, वखार टिकली. पुढे इंग्रजांनी महाराजांकडे नजराणा पाठवून प्रकरण मिटवलं. कंपनीने मास्टरला सोन्याचं पदक दिलं. इंग्रजी पुस्तकांत हा पराक्रम म्हणून येतो. मराठी बाजूने पाहिलं तर महाराजांचं लक्ष्य वेगळं होतं आणि इंग्रजांच्या एका वखारीसाठी वेळ आणि माणसं खर्च करण्यात त्यांना स्वारस्य नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तीस माणसांनी वखार राखणं सोपं नाही आणि ती सोडून पुढे जाणं हा समोरच्या सेनापतीचा शहाणपणा आहे.

मास्टर जानेवारी १६७८ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला. त्याच्या काही महिने आधी काय घडलं होतं? दक्षिण दिग्विजय. मे १६७७ मध्ये महाराज गोवळकोंड्याहून श्रीशैल, तिरुपती करत खाली उतरले आणि मद्रासच्या पश्चिमेला काही कोसांवरून जिंजीकडे गेले. त्याच महिन्यात महाराजांचा ब्राह्मण वकील पत्र घेऊन किल्ल्यात आला. मागणी होती विषावर उतारा म्हणून चालणाऱ्या औषधी खड्यांची. इंग्रजांनी ती औषधं दाम न घेता पाठवली. पुढे सप्टेंबरात महाराजांनी तोफा आणि सुरुंगाच्या कामातले जाणकार मागितले. त्याला मात्र इंग्रजांनी गोड शब्दांत नकार दिला. किल्ल्याच्या दप्तरात या नोंदी आहेत. एकीकडे औषध देऊन स्नेह राखायचा, दुसरीकडे तोफेची विद्या हाताबाहेर जाऊ द्यायची नाही. तंत्रज्ञान देण्या-न देण्याचं राजकारण आजही याच पद्धतीने चालतं.

आता मोह असा होतो की, सुरतेला मराठ्यांचा मारा पाहिलेला गव्हर्नर, नुकतंच जवळून गेलेलं मराठी सैन्य आणि लगेच पुढच्या मार्चमध्ये बॉम्बगोळा सोसणारं चर्च, अशी तीन टोकं जोडावीत आणि म्हणावं की हे छत शिवाजी महाराजांच्या धाकाने बांधलं. ऐकायला छान वाटतं. टाळ्याही पडतील. पण तसा कागद नाही. उलट उखळी तोफांची भीती वाटावी अशी दुसरी कारणं होती. हाकेच्या अंतरावरचं सान थोम १६७२ मध्ये फ्रेंचांनी घेतलं आणि पुढची दोन वर्षं गोवळकोंड्याचं सैन्य आणि डच यांनी त्याला वेढा घातला. इंग्रज ते आपल्या तटावरून पाहत होते. म्हणून मी एवढंच म्हणेन की १६७८ मधला मद्रासचा गव्हर्नर ज्या ज्या धोक्यांचा विचार करत असेल त्यांत मराठेही होते. यापुढे जायला पुरावा लागतो.

हे मुद्दाम सांगतो. जॉर्जटाउनमध्ये कालिकांबाळ देवीचं मंदिर आहे. तिथे महाराजांनी १६७७ मध्ये दर्शन घेतलं अशी श्रद्धा आहे आणि तसा फलकही लावलेला आहे. मी तिथे जातो, हात जोडतो. ती परंपरा आहे, तिचा मान परंपरा म्हणून. किल्ल्यातली पत्राची नोंद हा कागद आहे, त्याचा मान कागद म्हणून. दोन्ही एका पारड्यात टाकले की दोन्हींचं वजन कमी होतं.

एक तुलना मुंबईची. मुंबईचा गव्हर्नर जेरॉल्ड ऑंजियर याने १६७६ मध्ये तिथल्या सेंट थॉमस चर्चचा पाया घातला. त्याच्या मृत्यूनंतर भिंती अर्धवट राहिल्या त्या तब्बल चाळीस वर्षं. चर्च पूर्ण झालं १७१८ मध्ये. त्या चर्चकडे जाणाऱ्या तटाच्या दरवाज्यावरून चर्चगेट हे नाव आलं. म्हणजे मुंबईने दोन वर्षं आधी सुरुवात केली आणि मद्रासने अडतीस वर्षं आधी काम संपवलं. वास्तू पैशांइतकीच, तिच्या मागे ठामपणे उभ्या राहणाऱ्या माणसावरही अवलंबून असते.

आता बाहेर या आणि पायाखाली पाहा. चर्चभोवतीची जमीन थडग्यांच्या शिळांनी फरसबंद केलेली आहे. शिळांवर लॅटिन, पोर्तुगीज, आर्मेनियन आणि इंग्रजी लेख आहेत. त्यातली १६५२ ची एलिझाबेथ बेकर हिची शिळा ही भारतातली सर्वांत जुनी इंग्रज शिळा मानली जाते. पण चर्च १६८० चं आणि शिळा १६५२ ची, हे कसं? कारण या शिळांखाली कोणी नाही. मूळ दफनभूमी तटाबाहेर होती, आज जिथे हायकोर्ट आणि लॉ कॉलेजचा परिसर आहे तिथे. डिसेंबर १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लाली याने मद्रासला वेढा घातला. त्या दफनभूमीतली उंच थडगी त्याच्या सैनिकांना आयता आडोसा ठरली. वेढा फेब्रुवारी १७५९ मध्ये उठला आणि इंग्रज शहाणे झाले. तोफेसमोरचं मैदान मोकळं हवं, हा आमच्या तोफखान्याचा पहिला धडा. मी तो देवळालीत शिकलो, त्यांनी तो रक्त सांडून शिकला. थडगी पाडली, लेखांच्या शिळा तेवढ्या उचलून चर्चभोवती आणल्या. पुढे हैदरअलीच्या स्वारीच्या काळात यातल्या काही शिळा पुन्हा उखडून तटावर तोफांखाली घातल्या गेल्या, आणि त्यानंतर परत जागेवर आणल्या. मेलेल्यांच्या नावाचे दगड आधी शत्रूची ढाल झाले, मग आपल्या तोफांचं जोतं.

दुसरा धागा लग्नाचा आहे. चर्च सुरू झाल्यावर आठवड्याभरात, ४ नोव्हेंबर १६८० रोजी, इथे पहिलं लग्न लागलं ते एलिहू येल याचं. तोच पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि त्याच्या देणगीवरून अमेरिकेतल्या येल विद्यापीठाला नाव मिळालं. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते १८ फेब्रुवारी १७५३ चं लग्न. नवरदेव रॉबर्ट क्लाइव्ह, नवरी मार्गारेट मॅस्कलिन. क्लाइव्ह तेव्हा प्रसिद्धीच्या शिखरावर होता, कारण दीड वर्षापूर्वी त्याने पाचशेच्या आसपास माणसांनिशी अर्काटचा किल्ला पन्नास दिवस लढवला होता. पण त्या वेढ्याचा शेवट कसा झाला हे शाळेच्या पुस्तकात नसतं. संताजींच्या घोरपडे घराण्यातले गुत्तीकर मुरारराव सहा हजार स्वारांनिशी जवळ तळ देऊन होते. आधी ते तटस्थ राहिले. मग ते क्लाइव्हच्या मदतीला निघणार ही बातमी पसरली. वेढा घालणाऱ्या रझासाहेबाला थांबायला वेळ उरला नाही. त्याने १४ नोव्हेंबर १७५१ रोजी घाईने हल्ला चढवला, तो फसला आणि वेढा उठला. क्लाइव्ह शूर होता यात वाद नाही. पण ज्या विजयाच्या जोरावर तो नवरदेव म्हणून या चर्चमध्ये उभा राहिला, त्या विजयात मराठी घोड्यांच्या टापांचाही हिस्सा होता. चर्चमध्ये त्याची कुठे नोंद नाही. असणारही नाही.

तिसरा धागा तंजावरचा, आणि तो मनाला जास्त लागतो. चर्चच्या आत, फरशीत, एक शिळा आहे. तिच्यावर नाव नाही. फक्त "इन मेमोरियम" असे दोन लॅटिन शब्द. स्मरणार्थ. खाली आहे लॉर्ड पिगट, दोनदा मद्रासचा गव्हर्नर झालेला माणूस. लालीच्या वेढ्यात किल्ला राखला तेव्हा हाच गव्हर्नर होता. मग त्याचं नाव का नाही?

त्यासाठी तंजावरला जावं लागेल. तिथे व्यंकोजीराजांचे वंशज राज्य करत होते. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबासाठी कंपनीच्या फौजेने तंजावर घेतलं आणि तुळजाजीराजे कैदेत पडले. नवाबाला मद्रासच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी खाजगी कर्जं दिली होती, भरमसाट व्याजाने. तंजावरच्या कावेरीकाठच्या पिकांवर त्या कर्जांची वसुली होणार होती. लंडनच्या संचालकांना हे रुचलं नाही. त्यांनी पिगटला पुन्हा गव्हर्नर करून पाठवलं. त्याने एप्रिल १७७६ मध्ये स्वतः तंजावरला जाऊन तुळजाजींना गादीवर बसवलं. सावकारांचे पैसे अडकले. मद्रास कौन्सिलातल्या बहुमताने २४ ऑगस्ट १७७६ रोजी आपल्याच गव्हर्नरला अटक केली. पिगट ११ मे १७७७ रोजी कैदेतच वारला आणि इथे पुरला गेला.

एका मराठी राजाला त्याची गादी परत दिल्याबद्दल एका इंग्रज गव्हर्नरला त्याच्याच माणसांनी कैद केलं, असं सांगितलं तर गोष्ट फार सोज्वळ होते. पिगट साधुसंत नव्हता. आणि तुळजाजींना गादी मिळाली ती कंपनीच्या फौजेची शिबंदी आणि तिचा खर्च मानेवर घेऊनच. म्हणजे राज्य परत मिळालं, स्वातंत्र्य नाही. तरीही एक गोष्ट शिल्लक राहते. सैन्यात आम्हाला शिकवतात की शिस्त म्हणजे वरच्याचा हुकूम. इथे हुकूम लंडनचा होता, कायदेशीर होता, आणि तो पाळणारा गव्हर्नर कर्जदारांच्या नव्हे तर सावकारांच्या हितासाठी तुरुंगात गेला. ज्या राज्यात वर्दीवाल्यांचे आणि अधिकाऱ्यांचे पैसे राजकारणात गुंतलेले असतात तिथे हुकूमाला अर्थ राहत नाही. नाव नसलेली ती शिळा मला दर वेळी हे सांगते.

याच भिंतीवर चौथा धागा आहे. संगमरवरी शिल्प. मृत्युशय्येवरचे रेव्हरंड ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. हे जर्मन लुथरन मिशनरी १७५० मध्ये तरंगमबाडीला, म्हणजे डेन्मार्कवाल्यांच्या ट्रांकेबारला उतरले आणि १७९८ मध्ये तंजावरला वारले. मधली अठ्ठेचाळीस वर्षं इथेच. ते अनेक भाषा शिकले, मराठीही त्यात होती. मद्रास सरकारने १७७९ मध्ये हैदरअलीकडे बोलणी करायला त्यांना पाठवलं होतं. तुळजाजींनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी दत्तक घेतलेल्या लहानग्या सरफोजीला सांभाळायची विनंती याच पाद्र्याला केली. गादी मात्र तुळजाजींचे भाऊ अमरसिंह यांच्याकडे गेली आणि सरफोजींचे हाल सुरू झाले. श्वार्ट्झ यांनी त्यांची बाजू लावून धरली. १७९३ मध्ये सरफोजींना सुरक्षिततेसाठी आणि शिक्षणासाठी मद्रासला आणलं गेलं. म्हणजे तंजावरचा पुढचा राजा ऐन तारुण्यात काही वर्षं याच शहरात राहिला. १७९८ मध्ये तो गादीवर बसला.

मद्रासचं हे शिल्प कंपनीने जॉन बेकन धाकटा याच्याकडून करवून घेतलं. दुसरं शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आहे. ते सरफोजीराजांनी स्वतः लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडून करवून घेतलं. त्यात राजा आपल्या गुरूच्या बिछान्याशी उभा आहे. भारतीय राजाने एका मिशनऱ्यासाठी युरोपातून असं शिल्प मागवावं हे विरळाच. आणि हाच राजा बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये आपल्या भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतो. धर्म बदलला नाही, गुरू विसरला नाही, पूर्वज विसरला नाही. आजच्या वातावरणात ही तीन वाक्यं एकत्र ठेवणं आपल्याला जड जातं. सरफोजींना जड गेलं नाही.

पण हिशेब पूर्ण मांडायचा तर हेही सांगायला हवं की गादीवर आल्यावर पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, मान आणि तनखा उरला. चांगल्या माणसाच्या मध्यस्थीतूनही सत्ता आपला वाटा वसूल करते. श्वार्ट्झ यांची सचोटी खरी होती. त्या सचोटीवर ठेवलेल्या विश्वासाचं फळ कंपनीने घेतलं, हेही खरं.

आणखी एक दगड पाहू आणि थांबू. सर थॉमस मन्रो. मद्रासचा गव्हर्नर, रयतवारीचा पुरस्कर्ता. शहरात बेटावरच्या मैदानाजवळ त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे, ज्याला खोगीर आणि रिकीब नाही म्हणून लोक कौतुकाने दाखवतात. मराठी माणसाने मन्रोला वेगळ्या कारणाने ओळखायला हवं. १८१७-१८ च्या शेवटच्या इंग्रज-मराठा युद्धात दक्षिणेकडून पेशवाई मोडत वर आला तो हा. फेब्रुवारी १८१८ मध्ये बदामी, एप्रिलमध्ये बेळगाव, मे महिन्यात सोलापूर. त्याच्याकडे नियमित फौज थोडी होती. त्याने गावोगावच्या शिपायांना आणि पाटलांना हाताशी धरलं, महसूल गोळा करायला लावला, म्हणजे पेशव्यांच्या अधिकाऱ्यांच्या पायाखालची जमीनच काढून घेतली. लष्करी दृष्टीने हे फार हुशार काम आहे. किल्ला पडण्याआधी मुलूख गेला होता.

१८२७ मध्ये दौऱ्यावर असताना पत्तिकोंडा इथे पटकीने तो गेला. आधी त्याला पुरलं कुठे? गुत्तीला. अर्काटच्या वेढ्याच्या वेळी ज्यांच्या स्वारांनी तोल बदलला, त्या मुरारराव घोरपड्यांच्या गुत्तीला. तो किल्ला हैदरअलीने मुराररावांकडून घेतला होता आणि मुरारराव हैदरच्या कैदेतच वारले. चार वर्षांनी मन्रोचे अवशेष या चर्चमध्ये आणले गेले. त्याच्या नावाची शिळा इथे आहे, पुतळा शहरात आहे.

आता मुद्द्याचं. या चर्चमध्ये ज्यांच्या आयुष्याला मराठ्यांनी वळण दिलं असे निदान पाच जण आहेत. मास्टर, क्लाइव्ह, पिगट, श्वार्ट्झ, मन्रो. त्यांची नावं, तारखा, स्मारकं, जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदवह्या, सगळं जपलेलं आहे. दुसऱ्या बाजूचं काय? मुराररावांच्या नावाने गुत्तीला किती मराठी माणसं जातात? सोलापूरच्या किल्ल्यात संध्याकाळी फिरायला येणाऱ्या किती जणांना १८१८ चा मे महिना ठाऊक असतो? मी गाऱ्हाणं करत नाही. इंग्रजांनी आपल्या मृतांचे दगड वेढ्यातही फेकून दिले नाहीत, तोफेखाली घातले तरी परत आणून लावले. ही सवय शत्रूकडून शिकण्यासारखी आहे.

आणि आपलं काही उरलंच नाही असं नाही. तंजावरच्या सरस्वती महालात आणि तामिळनाडूतल्या इतर दप्तरांत भोसले दरबाराचे मोडी कागद गठ्ठ्या-गठ्ठ्यांनी आहेत. हिशेब, हुकूम, पत्रव्यवहार. ते वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके थोडे. पिगटच्या प्रकरणाची इंग्रजी बाजू आपण पुस्तकांतून वाचू शकतो. तुळजाजींच्या दरबाराची बाजू वाचायची तर मोडी यायला हवी. मोडी काही अवघड किल्ला नाही. रोज तासभर दिला तर काही महिन्यांत लिपी हाताला लागते. जुनी भाषा कळायला जास्त वेळ लागतो, पण तीही आपलीच भाषा आहे. निवृत्त झालेल्या माझ्या वयाच्या मंडळींना माझं सांगणं आहे की फिरायला जाताच, गुडघे सांभाळताच, त्यात हा एक तास घाला. तरुणांनी तर नक्की घालावा.

चेन्नईला आलात तर सेंट मेरीला जरूर जा. सकाळी जा, ओळखपत्र बरोबर ठेवा, आत गेल्यावर आवाज खाली ठेवा, कारण ते आजही चालू प्रार्थनास्थळ आहे. आधी छताखाली उभे राहा. मग फरशीतली ती बिननावाची शिळा शोधा. मग श्वार्ट्झ यांचं शिल्प पाहा आणि त्यात नसलेला तंजावरचा राजा आठवा. त्याला पाहायचं तर तंजावर गाठावं लागेल, आणि आपण पुढच्या भागात तिकडेच जाणार आहोत. बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख ओळीओळीने पाहू.

 जय हिंद.